आयरिश घराण्यांचा कागदोपत्रीं शोध

आयर्लंडची राजधानी जें डब्लिन शहर, त्यांत लिफी नदीच्या उत्तर कांठावर 'फोर कोर्ट्‌स' नांवाची न्यायमंदिरांची एक भव्य, घुमटाची इमारत आहे. तिच्याच आवारांत पूर्वीं सरकारी दप्तरखाना होता. १८६७ च्या कायद्यानें तो स्थापन झाला, आणि न्यायालयांचे निवाडे, मृत्युपत्रें, खानेसुमारीचे तक्ते, प्रॉटेस्टंट देवळांतील बाप्तिस्मा, लग्न व दफन यांच्या वह्या, असा सातशें वर्षांचा कागद ठिकठिकाणांहून आणून तेथें रचण्यांत आला. ओलसर तळघरांत कुजणारे कागद एका जागीं सुरक्षित राहावे हा हेतु. आगीची धास्ती म्हणून वाचकांची खोली आणि कागदांची कोठी यांच्यामध्यें मोकळी जागाहि राखली होती.

१९२२ सालीं इंग्लंडशीं झालेल्या तहावरून आयरिश देशभक्तांत फूट पडली. तह अमान्य असलेल्या पक्षाच्या सैनिकांनीं एप्रिलच्या मध्यास फोर कोर्ट्‌सचा ताबा घेतला व दप्तरखान्याच्या भक्कम कोठींत दारूगोळा सांठविला. २८ जून रोजीं नव्या सरकारच्या तोफा सुरू झाल्या. ३० जूनला दुपारच्या सुमारास प्रचंड स्फोट होऊन कोठी उडाली, आणि अर्धवट जळलेले कागद पांखरांच्या थव्याप्रमाणें शहरावर उडत राहिले. सुरुंग मुद्दाम लाविला कीं तोफेच्या आगीनें पेट घेतला, हा वाद दोन्ही पक्षांनीं पुढें पुष्कळ दिवस घातला. घराण्याचा शोध करणाऱ्यास त्या वादाचा उपयोग नाहीं. त्याच्या दृष्टीनें एवढेंच खरें कीं, मधली मोकळी जागा वाचकांच्या बाजूची आग कोठीकडे जाऊं नये म्हणून ठेवली होती, आणि आग कोठींतच लागली. वाचकांची खोली वांचली, कागद गेले.

काय गेलें याचा हिशेब सहज सांगतां येतो, कारण हर्बर्ट वुड या दप्तरदारानें १९१९ सालीं, म्हणजे आगीच्या अवघीं तीन वर्षें आधीं, त्या कोठींतील कागदांची एक तपशीलवार सूचि छापली होती. १८२१, १८३१, १८४१ आणि १८५१ या चार खानेसुमारींचे घरोघरचे तक्ते कांहीं तुरळक तुकडे सोडल्यास नष्ट झाले. मूळ मृत्युपत्रें बहुतेक सर्व गेलीं. प्रॉटेस्टंट चर्चच्या ज्या वह्या जमा केल्या होत्या त्याहि गेल्या. मात्र ज्या पाद्र्यांनीं आपल्या देवळांत मजबूत पेटी आहे असें दाखवून वही गांवींच ठेवण्याची परवानगी मिळविली होती, त्यांच्या गांवच्या वह्या शाबूत राहिल्या. सरकारची काळजी नको म्हणणारे वांचले आणि जे सरकारच्या भरंवशावर राहिले ते बुडाले, असा हा प्रकार झाला.

परंतु सगळा दोष तोफांवर टाकणें हें इतिहासाशीं प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. आयर्लंडांत १८६१ पासून १८९१ पर्यंत आणखी चार खानेसुमारी झाल्या होत्या. त्यांचे तक्ते १९२२ च्या आगींत जळालेच नाहींत, कारण ते त्यापूर्वींच उरले नव्हते. १८६१ व १८७१ चे कागद आंकडे काढून झाल्यावर निरुपयोगी म्हणून सरकारी हुकुमानें नष्ट करण्यांत आले. १८८१ व १८९१ चे पहिल्या महायुद्धांत कागदाची टंचाई पडली तेव्हां लगद्याकरितां गेले. म्हणजे एकोणिसाव्या शतकांतील आठ खानेसुमारींपैकीं चार स्फोटानें नेल्या आणि चार कारकुनाच्या लेखणीनें. स्फोटाची हळहळ सर्व जग करतें. लेखणीची कोणी करीत नाहीं.

आणि हें नुकसान ज्या काळाचें झालें तो काळ त्या देशाच्या सर्वांत मोठ्या संकटाचा होय. १८४१ सालीं आयर्लंडची लोकसंख्या ८१,७५,१२४ होती. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला, सतत दुष्काळ झाला, सुमारें दहा लक्ष माणसें उपासमारीनें व तापानें मेलीं आणि त्याहून अधिक देश सोडून गेलीं. १८५१ सालीं गणती झाली तेव्हां ६५,५२,३८५ लोक उरले होते. या दोन गणतींचे मूळ तक्ते हातीं असते, तर दुष्काळापूर्वीं एका खोपटांत कोण कोण होतें आणि दुष्काळानंतर कोण उरलें, हें घरोघर ताडून पाहतां आलें असतें. तें आतां शक्य नाहीं. गोरगरिबांपैकीं कित्येकांचें नांव ज्या एकुलत्या एका कागदावर कधीं काळीं लिहिलें गेलें, तोच कागद गेला.

असें असूनहि अमेरिकेंत, ऑस्ट्रेलियांत, कानडांत व खुद्द आयर्लंडांत राहणारीं हजारों माणसें आपल्या पणज्याचें गांव कोणतें, खापरपणजीचें माहेरचें नांव काय, याचा शोध घेत असतात, आणि त्यांतील पुष्कळांना तो लागतोहि. तो कसा लागतो हें पाहण्यासारखें आहे.

पहिला आधार म्हणजे १९०१ आणि १९११ या दोन खानेसुमारी. यांचे कागद दप्तरखान्यांत न जातां रजिस्ट्रार-जनरलच्या कचेरींत राहिले होते, म्हणून वांचले. १९६१ सालीं ते लोकांस पाहण्यास खुले झाले. १९११ चे तक्ते २००९ मध्यें व १९०१ चे २०१० मध्यें संगणकावर कोणासहि फुकट पाहतां येतील असे ठेवण्यांत आले. हे तक्ते वहींत उतरवून घेतलेल्या नकला नाहींत. कुटुंबाच्या मुख्यानें स्वतः भरलेले ते मूळ कागद आहेत. आपल्या पणज्यानें नांवाची सही कोणत्या वळणानें केली हें त्यावर दिसतें, आणि लिहितां येत नसल्यास फुलीची निशाणी व शेजारीं साक्षीदाराची सही दिसते. गणतीचें काम पोलिसांकडे होतें. शिपाई घरोघर फिरे, आणि माणसांच्या तक्त्याबरोबर घराचाहि एक तक्ता भरी. भिंती दगडविटांच्या असल्यास एक गुण, मातीच्या अथवा लांकडाच्या असल्यास शून्य. छपरावर स्लेटी असल्यास एक, गवत असल्यास शून्य. खोल्या किती, दर्शनी बाजूस खिडक्या किती. या सर्वांची बेरीज करून घराची प्रत ठरे. त्यामुळें ज्या घराची आज एक भिंतहि उभी नाहीं, त्याला पुढल्या बाजूस दोन खिडक्या होत्या कीं तीन, हें त्या घराच्या वंशजाला शिकागोंत बसून कळतें. शहरांतील स्थिति निराळी. डब्लिनच्या हेन्रिएटा स्ट्रीटवर पूर्वीं उमरावांचे वाडे होते. १९११ मध्यें तेथील १५ घरांतून ८३५ माणसें राहात होतीं.

१९११ च्या तक्त्यांत विवाहित स्त्रियांस विचारलेला एक प्रश्न आहे. लग्नास किती वर्षें झालीं, मुलें किती जन्मलीं, आणि त्यांपैकीं आज जिवंत किती. तीन लहानशा रकान्यांत तीन आंकडे. 'वर्षें २२, जन्मलीं ११, हयात ६' अशा तऱ्हेचें उत्तर पाहिलें कीं, घराण्याच्या वंशवृक्षावर जीं नांवें कोणी कधीं लिहिलीं नाहींत तीं पांच बालकें एकदम समोर उभीं राहतात. त्यांचीं नांवें काढावयाचीं तर जन्ममृत्यूच्या सरकारी नोंदवह्या पाहाव्या लागतात. आयर्लंडांत कॅथॉलिक सोडून इतरांच्या लग्नांची सरकारी नोंद १ एप्रिल १८४५ पासून, आणि सर्वांच्या जन्म, मृत्यु व लग्नांची १ जानेवारी १८६४ पासून होऊं लागली. या वह्यांतहि गंमती आहेत. जन्माची वर्दी उशिरां दिल्यास दंड होई. मग बाप जन्मतारीखच पुढें ढकलून सांगे. देवळांतल्या वहींत बाप्तिस्मा मार्चांतला आणि सरकारी वहींत जन्म एप्रिलांतला, असें कित्येक मुलांचें आढळतें. अशा वेळीं जाणते शोधक देवळाच्या वहीवर विश्वास ठेवतात, कारण पाद्री कांहीं दंड करीत नसे.

वयाच्या बाबतींत तर या दोन खानेसुमारी एकमेकींशीं भांडतातच. १९०१ सालीं छप्पन्न वर्षांचा असलेला मनुष्य १९११ मध्यें एकाहत्तर वर्षांचा झालेला दिसतो. याचें कारण १९०८ चा म्हाताऱ्यांच्या पेन्शनचा कायदा. १ जानेवारी १९०९ पासून सत्तर वर्षें पुरीं झालेल्या गरिबांस सरकारांतून दर आठवड्यास थोडी रक्कम मिळूं लागली. सत्तर वर्षांमागें जन्माची सरकारी नोंद नव्हती. मग वय सिद्ध कसें करावें? ६ जानेवारी १८३९ च्या रात्रीं आयर्लंडांत एक भयंकर तुफान झालें होतें. घरें कोसळलीं, झाडें उन्मळलीं, आणि ती 'मोठ्या वाऱ्याची रात्र' लोकांच्या स्मरणांत कायम राहिली. ती रात्र आठवते असें जो सांगेल तो सत्तरीचा धरावा, अशी पद्धत पडली. त्याबरोबर ती रात्र आठवणाऱ्यांची संख्या अपेक्षेपेक्षां पुष्कळच वाढली! ज्यांना आठवणीपेक्षां भक्कम पुरावा पाहिजे होता त्यांनीं दप्तरखान्यांत अर्ज केले कीं, १८४१ अथवा १८५१ च्या तक्त्यांत आमच्या आईबापांचें घर शोधावें. कारकून तक्ते काढीत, आणि मिळालेला मजकूर अर्जावर टिपून ठेवीत. पुढें तक्ते जळाले, परंतु हे अर्ज राहिले. दोन-चार शिलिंगांच्या आशेनें एखाद्या म्हातारीनें भरलेल्या कागदावर, भस्म झालेल्या खानेसुमारींतील एक कुटुंब, नवराबायको व मुलांच्या नांवांसकट, आज वाचावयास मिळतें. मोठमोठ्या विद्वानांनीं केलेल्या नकलांइतकीच या अर्जांची किंमत आहे.

दुसरा मोठा आधार जमिनीच्या कागदांचा. सर रिचर्ड ग्रिफिथ या इंजिनियरच्या देखरेखीखालीं कर बसविण्याकरितां सर्व देशांतील जमिनींची व घरांची आकारणी झाली, आणि ती १८४७ पासून १८६४ पर्यंत छापून निघाली. तिला 'ग्रिफिथची आकारणी' म्हणतात. प्रत्येक 'टाउनलंडां'त कोणाच्या वहिवाटींत किती जमीन, घर आहे कीं नुसती खोली, जमीनदार कोण, आकार किती, असें त्यांत दिलेलें आहे. टाउनलंड म्हणजे आपल्याकडील वाडीएवढा भाग. असे साठ हजारांवर भाग त्या बेटांत आहेत, आणि एकच नांव दहा-दहा ठिकाणीं आढळतें. ज्यास नुसतें परगण्याचें नांव ठाऊक आहे त्याचा शोध लागणें कठीण; ज्यास टाउनलंडचें नांव ठाऊक आहे त्याचें अर्धें काम झालें. ग्रिफिथच्या आधींचें साधन म्हणजे १८२३ ते १८३७ पर्यंतच्या, प्रॉटेस्टंट धर्मगुरूंसाठीं वसूल होणाऱ्या दशमांश पट्टीच्या वह्या. कॅथॉलिक शेतकऱ्यांना ही पट्टी अत्यंत जाचक वाटे. ज्या वसुलीविरुद्ध पणजा दंगे करीत होता, त्याच वसुलीच्या वहींत पणतू आज त्याचें नांव हर्षानें शोधतो.

ग्रिफिथचीं छापील पुस्तकें सर्वांस ठाऊक असतात, पण खरी मौज पुढील दुरुस्तीच्या हस्तलिखित वह्यांत आहे. आकारणी झाल्यावर वहिवाटदार बदलला कीं तपासणीस येऊन जुनें नांव खोडी व नवें लिही. निरनिराळ्या वर्षांच्या दुरुस्त्या निरनिराळ्या रंगाच्या शाईनें करीत. तांबड्या शाईनें पॅट्रिक खोडून वर मेरी लिहिलें असल्यास नवरा वारला असावा. पुढें निळ्या शाईनें मेरी खोडून जॉन आला म्हणजे मुलगा हातीं कारभार घेण्याजोगा झाला. आणि जॉनवर रेघ मारून नुसतें 'घर पडलें' असें लिहिलें असल्यास जहाजांच्या याद्या पाहण्याची वेळ आली. मात्र ग्रिफिथविषयीं एक गोष्ट विसरतां येत नाहीं. हें काम बहुतेक ठिकाणीं दुष्काळ चालू असतांना अथवा तो संपल्यावर झालें. जीं कुटुंबें त्याआधींच नाहींशीं झालीं तीं यांत नाहींत. ज्यांना स्वतःची वहिवाट नव्हती, जे दुसऱ्याच्या शेताच्या कोपऱ्यावर मातीचें खोपट घालून मजुरीवर जगत, तेहि यांत क्वचितच येतात. दुष्काळांत सर्वांत अधिक मेले ते हेच. कर बसविणाऱ्यानें केलेल्या यादींत, ज्याच्याकडून कर मिळण्याजोगा नाहीं त्याचें नांव कसें येणार?

अशा लोकांकरितां देवळांच्या वह्या हाच एक मार्ग उरतो. कॅथॉलिक देवळांच्या वह्या सरकारी दप्तरखान्यांत मागविल्याच नव्हत्या, म्हणून त्या आगींतून वांचल्या. ज्या पंथावर पूर्वीं कायद्यानें शतकभर जुलूम केला, त्याच्या वह्यांची फिकीर सरकारला नव्हती, आणि ती बेफिकिरी उपकारक ठरली. विसाव्या शतकाच्या मध्यास आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें या वह्यांचे फिल्मवर फोटो घेतले व जुलै २०१५ मध्यें ते सर्वांस खुले केले. पश्चिमेकडील गरीब परगण्यांत या वह्या १८२० ते १८५० च्या दरम्यान केव्हां तरी सुरू होतात, शहरांत त्याच्या बऱ्याच आधीं. मजकूर पुष्कळदां लॅटिनांत असतो. जेम्सचा 'याकोबस' होतो, विल्यमचा 'गुलिएल्मस'. मुलींच्या नांवांचा घोटाळा याहून मोठा. बाप्तिस्म्याच्या वेळची ऑनोरा लग्नांत नोरा असते. ब्रिजेट अमेरिकेस गेली कीं डीलिया होते. आडनांवांची तऱ्हा अशी कीं, इंग्रजी अमलांत मागचें 'ओ' किंवा 'मॅक' गळालें आणि राष्ट्रीय जागृतीच्या काळांत पुन्हां लागलें, त्यामुळें बाप सलिव्हन आणि मुलगा ओसलिव्हन असेंहि आढळतें.

येथें एक घरगुती चाल उपयोगी पडते. पहिल्या मुलास बापाच्या बापाचें नांव, दुसऱ्यास आईच्या बापाचें, अशी नांवें ठेवण्याची रीत त्या देशांत बरीच रूढ होती. महाराष्ट्रांत नातवास आजोबाचें नांव ठेवतात तसेंच तें. सर्व भावंडांचीं नांवें क्रमानें मांडलीं म्हणजे मागच्या पिढीचा अंदाज करतां येतो. आणि बाप्तिस्म्याचे साक्षीदार बहुधा मावशी-काका असल्यामुळें अंदाज पडताळतांहि येतो. अर्थात् अंदाज हा अंदाजच. एकाच वहींत एकाच दशकांत चार मायकेल मर्फी जन्मले असल्यास त्यांतला श्रीमंत निवडून आपला पूर्वज ठरविणारेहि भेटतात.

घर सोडून गेलेल्यांचा माग अनेक वेळां दुसऱ्या टोंकानें लागतो. अमेरिकेंतील बॉस्टन शहरीं 'पायलट' नांवाचें कॅथॉलिक वृत्तपत्र होतें. १८३१ पासून १९२१ पर्यंत त्यांत हरवलेल्या आप्तांविषयीं जाहिराती येत. अमुक परगण्यांतील अमुक गांवचा अमुक, अमुक साली जहाजानें आला, शेवटीं रेल्वेच्या कामावर होता असें ऐकिलें, त्याची बहीण त्याचा पत्ता विचारते. अशा तऱ्हेचा मजकूर. अमेरिकन सरकारच्या कागदांवर 'जन्मस्थान आयर्लंड' एवढेंच लिहून काम भागत असे. परंतु ज्या बहिणीला भाऊ पाहिजे होता तिनें पॅरिश व टाउनलंड बिनचूक लिहिलें. भावाचा पत्ता तिला लागला कीं नाहीं हें बहुधा कळत नाहीं. तिच्या भावाच्या पणतवंडांना मात्र तिच्या जाहिरातीमुळें आपलें मूळ गांव सांपडतें.

कागद नीट न पाहिल्यास काय होतें याचें एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १ जानेवारी १८९२ रोजीं न्यूयॉर्क बंदरांतील एलिस बेटावर परदेशांतून येणाऱ्यांची तपासणी करण्याचें नवें ठाणें उघडलें. त्यांतून पहिली गेली ती कॉर्कची ॲनी मूर ही मुलगी. क्वीन्सटाउन बंदरांतून 'नेव्हाडा' बोटीनें ती निघाली होती. बरोबर अँथनी व फिलिप हे धाकटे भाऊ होते, आणि आईबाप आधींच न्यूयॉर्कला जाऊन राहिले होते. अधिकाऱ्यांनीं तिला दहा डॉलरचें सोन्याचें नाणें बक्षीस दिलें. वर्तमानपत्रांनीं तिचें वय पंधरा छापलें. वास्तविक ती सतरा वर्षांची होती. पुढें तिचें काय झालें याविषयीं अशी कथा रूढ झाली कीं, ती पश्चिमेकडे टेक्ससमध्यें गेली, तेथें ओकॉनेल नांवाच्या आयरिश गृहस्थाशीं तिनें लग्न केलें, आणि १९२३ सालीं गाडीच्या अपघातांत ती वारली. धाडसी, पश्चिमेस जाणारी, शेवट करुण. कथेला पाहिजे तें सगळें होतें. टेक्ससमधील त्या बाईच्या वंशजांचा समारंभांतून सन्मानहि झाला.

मेगन स्मोलेनियाक या शोधिकेनें टेक्ससमधील बाईचे साधे कागद पाहिले, तेव्हां ती आयर्लंडांत जन्मलेलीच नव्हती, अमेरिकेंतील इलिनॉय संस्थानांत जन्मलेली होती, असें दिसून आलें. मग खरी ॲनी कोठें गेली? स्मोलेनियाकनें २००६ सालीं पुराव्यास हजार डॉलरचें बक्षीस लाविलें. न्यूयॉर्क शहराच्या दप्तरखान्याच्या प्रमुखानेंहि शोधांत हात घातला. ॲनीचा भाऊ फिलिप याच्या नागरिकत्वाचे कागद मिळाले, त्यावरून त्याच्या मुलीचा व पुढें हयात नातलगांचा माग लागला. खरी ॲनी पश्चिमेस कधींच गेली नव्हती. बोटींतून उतरल्यापासून मरेपर्यंत ती न्यूयॉर्कच्या गरीब वस्तींतच राहिली. जर्मन वंशाच्या शायर नांवाच्या मनुष्याशीं तिनें लग्न केलें. दहा-अकरा मुलें झालीं, त्यांतलीं पांचच मोठीं झालीं. आणि १९२४ सालीं ती वारली. क्वीन्समधील कॅल्व्हरी कबरस्तानांत तिची कबर होती, तिच्यावर दगडहि नव्हता. २००८ सालीं आयर्लंडांतील निळ्या चुनखडीचा दगड तिच्यावर बसविण्यांत आला. टेक्ससच्या कथेपेक्षां ही हकीकत फिकी वाटेल, परंतु लक्षावधि आयरिश बायकांची हकीकत हीच होती, आणि तिच्यावर दगड बसला हें योग्यच झालें.

आतां तसबिरींविषयीं थोडेंसें. डब्लिनला फोटो काढण्याचें पहिलें दुकान १८४१ सालीं निघालें, पण साधारण लोकांच्या आंवाक्यांत फोटो आला तो १८६० नंतर, पुठ्ठ्यावर चिकटविलेल्या लहान चित्रांच्या रूपानें. खेड्यांतील कित्येक घरांत पहिली तसबीर आली ती अमेरिकेहून, पत्राबरोबर. मुलगी नवी टोपी घालून, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी आहे. मागें नांव नाहीं, कारण पाठविणारीला व पाहणारांना तें ठाऊकच होतें! पन्नास वर्षांनीं तें ठाऊक असलेलें शेवटचें माणूस जातें आणि तसबीर मुकी होते. अशा तसबिरीला बोलकी करण्याचीं साधनें आहेत. पुठ्ठ्याच्या पाठीवर दुकानाचें नांव व रस्ता छापलेला असतो. डब्लिनपुरतें बोलावयाचें तर १८४४ पासून दरवर्षीं निघणाऱ्या थॉमच्या डिरेक्टरींत त्या रस्त्यावर तें दुकान कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत होतें हें काढतां येतें. खांद्याशीं फुगलेल्या बाह्या असल्यास १८९५ च्या आगेंमागें, घेरदार झगा असल्यास १८६० च्या सुमारास, असा कपड्यांवरूनहि काळ ठरतो. मात्र म्हाताऱ्या बायका तरुणपणची फॅशन सोडीत नाहींत, म्हणून पाहावयाचें तें चित्रांतील सर्वांत तरुण मुलीकडे.

सार्वजनिक संग्रहांत डब्लिनच्या लॉरेन्स कंपनीचा संग्रह मोठा. सुमारें चाळीस हजार कांचा राष्ट्रीय ग्रंथालयांत आहेत, आणि त्यांतील बहुसंख्य रॉबर्ट फ्रेंच या छायाचित्रकारानें काढलेल्या आहेत. धंदा सुंदर देखाव्यांचीं चित्रें विकण्याचा. परंतु त्यांतच १८८८ सालच्या क्लेअर परगण्यांतील हकालपट्टीचीं चित्रें आहेत. व्हँडलर या जमीनदाराच्या कुळांनीं खंड दिला नाहीं म्हणून पोलीस व लष्कर आणून त्यांचीं घरें रिकामीं करण्यांत आलीं. लांकडी तिकाटण्याला टांगलेल्या ओंडक्यानें भिंत फोडलेली चित्रांत दिसते. चित्राखालीं कुळाचें नांव व गांव लिहिलेलें असतें, जसें मोयास्टा येथील मॅग्राचें घर. तें नांव आकारणीच्या वहींत, मग १९०१ च्या तक्त्यांत शोधलें, म्हणजे भिंत फुटल्यानंतर ती माणसें कोठें गेलीं याचा तपास करतां येतो. एकट्या चित्रानें राग येतो, एकट्या वहीनें कांहींच येत नाहीं. दोन्ही शेजारीं ठेविलीं तर एक कुटुंब समजतें.

या शोधाचा एक धागा मुंबई इलाख्यांतूनहि जातो. ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या पलटणींत आयरिश तरुणांची भरती फार मोठी होती. खंड देतां न आलेल्या कुळांचे, धंदा बसलेल्या कोष्ट्यांचे हे मुलगे. कंपनीच्या भरतीच्या याद्यांत प्रत्येकाचें वय, पूर्वीचा धंदा व जन्मगांव दिलेलें असे. मुंबई, पुणें, किरकी, अहमदनगर, बेळगांव येथील लष्करी देवळांत त्यांचीं लग्नें, मुलांचे बाप्तिस्मे व दफनें होत; या नोंदींच्या नकला लंडनला पाठविण्याची पद्धत होती, आणि त्या ब्रिटिश लायब्ररींत इंडिया ऑफिसच्या कागदांत जपलेल्या आहेत. ज्या शिपायाचें आयर्लंडांतील सर्व दप्तर जळालें, त्याचें गांव, त्याच्या मुलीचा जन्मदिवस आणि पटकीनें आलेला त्याचा शेवट, हें सर्व मुंबई इलाख्याच्या वहींत मिळूं शकतें. मेजवान्या झोडणाऱ्या साहेबांच्या थडग्यांवर मोठमोठे लेख आहेत. या शिपायांचें बहुधा वहींतली ओळ एवढेंच स्मारक.

डब्लिनच्या जळालेल्या कोठीचेंहि पुनरुज्जीवन करण्याचा एक प्रयत्न झाला आहे. ट्रिनिटी कॉलेजांतील इतिहासकारांनीं आयर्लंड, उत्तर आयर्लंड व इंग्लंड येथील दप्तरखान्यांस बरोबर घेऊन, जळालेल्या कागदांच्या नकला, उतारे व दुसऱ्या प्रती जगभर कोठें कोठें आहेत याचा शोध केला, आणि स्फोटास शंभर वर्षें होत असतांना, जून २०२२ मध्यें, तो संग्रह संगणकावर खुला केला. मार्गदर्शक होती हर्बर्ट वुडची तीच जुनी सूचि. १९२२ सालीं ढिगाऱ्यांतून वेंचून तपकिरी कागदांत बांधून ठेवलेले करपलेले गठ्ठेहि पुन्हां सोडण्यांत आले. चर्मपत्राच्या चिकटून बसलेल्या घड्या ओलावा देऊन हलकेच उलगडल्या, तेव्हां आंतली शाई पुष्कळ ठिकाणीं वाचतां आली.

स्वतंत्र राज्य झाल्यावर आयर्लंडांत पहिली खानेसुमारी १८ एप्रिल १९२६ रोजीं झाली. कायद्यानें तिचे तक्ते शंभर वर्षें बंद ठेवलेले होते, म्हणजे तिची मुदत एप्रिल २०२६ मध्यें पुरी होते. १९११ मध्यें जीं मुलें आईच्या तक्त्यांत 'हयात' म्हणून मोजलीं गेलीं, त्यांपैकीं महायुद्धांतून, यादवींतून आणि परदेशगमनांतून कोण शिल्लक राहिलें हें त्या तक्त्यांवरून समजण्याजोगें आहे. परंतु हें दक्षिणेकडील सव्वीस परगण्यांपुरतें. उत्तर आयर्लंडच्या सहा परगण्यांत त्याच दिवशीं निराळी गणती झाली होती. तिचे कागद कोणीं नीट ठेवले नाहींत व ते आतां उपलब्ध नाहींत. बेलफास्टकडच्या कुटुंबाचा शोध करणारास १९११ नंतर पुन्हां देवळांच्या वह्या, आकारणीच्या दुरुस्त्या आणि पेटींतल्या तसबिरी यांकडेच वळावें लागतें.